प्रिंटरचीही दारे धरावी लागतात



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याचे पाचट, हुमणीचा बंदोबस्त, माती परीक्षण असले विषय वाचत आला आहात. या खेपेला गट कार्यालयातल्या प्रिंटरविषयी लिहायचे ठरवले तेव्हा भोंगवलीच्या पारावर एकाने विचारलेच, "साहेब, उसाचं सोडून हे काय भलतंच काढलंत?" प्रश्न रास्त आहे. पण विषय उसाबाहेरचा नाही. आपला ऊस शेतातून काट्यावर जातो तो ट्रॅक्टरने आणि काट्यावरून आपल्या बँक खात्यात जातो तो कागदाने. तो कागद जिथून निघतो त्या यंत्राची राखण कशी करायची, एवढाच हा विषय आहे.

प्रिंटरमधून निघते तरी काय?

जरा मोजून पाहा. ऊस नोंदीचा दाखला, तोडणी प्रोग्रॅमची यादी, वजनाचा पंधरवडी गोषवारा, ऊस बिलाची यादी, सोसायटीच्या कर्जाची कपात, वाहतूकदार व मुकादमांचे हिशेब हे सगळे याच यंत्रातून बाहेर पडते. यंत्र झेरॉक्स व स्कॅनिंगही करणारे असेल तर आपला सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि पासबुकाचे पहिले पानही त्याच्या काचेवरून गेलेले असते.

आता ऊस बिलाच्या यादीतले एकच पान डोळ्यापुढे आणा. त्यावर नाव, गाव, टनेज, रक्कम आणि खाते नंबर आहे. असे पान परक्याच्या हाती गेले तर तो उद्या आपल्याला फोन करील आणि म्हणेल, "तुमचं बेचाळीस टनाचं बिल अडकलंय, मोबाईलवर आलेला नंबर सांगा." टनेज बरोबर सांगितले की माणसाचा विश्वास बसतो आणि घात होतो तो तिथेच. म्हणून हा प्रश्न कार्यालयाचा जितका आहे तितकाच सभासदाच्या घामाच्या पैशाचा आहे.

प्रिंटर म्हणजे छोटा संगणकच

पूर्वीचा प्रिंटर एका संगणकाला एका वायरने बांधलेला असे. दावणीचा बैल जसा, दुसऱ्याच्या हाती लागायचा नाही. आताचा प्रिंटर कार्यालयाच्या जाळ्यात म्हणजे नेटवर्कमध्ये असतो. चार टेबलांवरचे चार संगणक त्याला एकाच वेळी काम सांगू शकतात. त्यासाठी त्याला स्वतःचा मेंदू असतो, स्मरणशक्ती असते, मोठ्या यंत्रांत तर आत डिस्कही असते आणि तीत छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत तो चार आकड्यांचा असतो, जसे १९२.१६८.१०.५०, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ मधलाच असतो. असे एकंदर ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात. जगातल्या यंत्रांना ते पुरणारे नव्हते म्हणून त्यांतले काही पत्ते केवळ घरगुती व कार्यालयीन जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. गावोगाव "मारुती मंदिराजवळ" हा पत्ता चालतो ना, तसेच हे. गावात उपयोगी, गावाबाहेर निरुपयोगी.

पत्ता झाला, आता दारे. एकाच यंत्राला निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी दारे असतात. इंग्रजीत त्यांना पोर्ट म्हणतात आणि ती नंबराने ओळखली जातात. प्रिंटरला छापायचा मजकूर बहुधा ९१०० नंबरच्या दारातून येतो. ५१५ आणि ६३१ ही दारेही छपाईचीच. प्रिंटरचे अंतर्गत सेटिंग पाहायचे ते ८० किंवा ४४३ मधून. आपल्याला दारे धरण्याची कला कोणी शिकवायला नको. कोणत्या वाफ्याचे दार उघडायचे, कोणते मातीने बुजवायचे आणि पाणी शेजाऱ्याच्या रानात कसे जाऊ द्यायचे नाही हे नीरेकाठचा शेतकरी लहानपणापासून जाणतो. इथेही तेच करायचे आहे.

दारे उघडी राहिली तर काय होते?

९१०० नंबरच्या दारात साधारणपणे "कोण आहे?" असे विचारायची पद्धतच नाही. येईल तो मजकूर छापायचा, एवढेच त्याला ठाऊक. २०१८ च्या नोव्हेंबर अखेरीस एका माणसाने याचा फायदा घेतला. इंटरनेटवर उघडी दारे टाकून बसलेले प्रिंटर त्याने शोधले आणि जगभरातल्या सुमारे ५० हजार प्रिंटरांवर आपला मजकूर छापून काढला. मजकूर कुणा यूट्यूबवाल्याच्या प्रचाराचा, म्हणजे फुटकळच होता. पण ५० हजार कार्यालयांत आणि घरांत परक्याच्या हुकमाने कागद बाहेर पडला, ही गोष्ट फुटकळ नव्हे. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा तपासणाऱ्या एका मंडळीने लोकांना जागे करण्यासाठी असाच प्रयोग केला. जवळजवळ २८ हजार प्रिंटरांनी त्यांचे पत्रक निमूटपणे छापले!

एखाद्या कार्यालयात सकाळी कुलूप उघडावे तर ट्रेमध्ये अगम्य इंग्रजी अक्षरांच्या एक-दोन ओळींचे कागद पडलेले दिसतात. पुष्कळदा आपण "मशीन बिघडलं" म्हणून ते टोपलीत टाकतो. पण बाहेरून कोणी दार वाजवून पाहिले की असे कागद निघतात. रानात रानडुकराचा माग दिसल्यावर आपण तो पुसून टाकत नाही, कुंपण पाहतो. तसेच हे आहे.

प्रिंटरकडे दुर्लक्ष किती महाग पडते याचा दाखला बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचा आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत चोरांनी तिच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९५ कोटी डॉलर्सच्या ३५ खोट्या सूचना न्यूयॉर्कला पाठवल्या. तिथल्या व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर त्या वेळी चालेना. कर्मचाऱ्यांना वाटले, नेहमीचाच बिघाड. खरे तर चोरांनीच तो गप्प केला होता. प्रिंटर पुन्हा चालू होऊन कागद हाती येईपर्यंत ८ कोटी १० लाख डॉलर्स फिलिपाइन्सला पोचले होते.

दूरची गोष्ट कशाला, आपल्या पुण्याची घ्या. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस या सहकारी बँकेवर २०१८ च्या ऑगस्टमध्ये हल्ला झाला. ११ तारखेला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, १३ तारखेला हाँगकाँगच्या एका खात्यावर १३ कोटी ९२ लाख रुपये वळवले गेले आणि एकूण आकडा ९४ कोटींवर गेला. हा हल्ला प्रिंटरमधून झाला असे मी म्हणत नाही. सांगायचे ते एवढेच की, सहकारी संस्था आहे, आपल्या माणसांची आहे, म्हणून चोर तिला सोडत नाही. आणि जाळ्यातले दुबळे यंत्र चोराला पाय ठेवायला पुरते.

पत्त्याची चाळण

यावर एक साधा, बिनपैशाचा उपाय बहुतेक कार्यालयीन प्रिंटरांत तयारच असतो. त्याला कोणत्या यंत्रात आयपी फिल्टर म्हणतात, कोणत्यात अ‍ॅक्सेस कंट्रोल, कोणत्यात फायरवॉल. आपण त्याला पत्त्याची चाळण म्हणू. ठरवून दिलेल्या पत्त्यांवरून आलेले काम घ्यायचे, बाकी सगळे परतवायचे, एवढेच तिचे काम. ती बसवायची रीत क्रमाने अशी:

१. आधी शिरगणती करा. कार्यालयातला कोणता संगणक कोणाच्या टेबलावर आहे आणि त्याचा पत्ता काय, हे वहीत लिहा. राउटर पुष्कळदा यंत्रांना पत्ते वाटतो आणि ते बदलतात. आज २१ असलेला संगणक उद्या ३४ झाला तर चाळण आपल्याच माणसाला अडवील. म्हणून राउटरमध्ये प्रत्येक संगणकाचा आणि प्रिंटरचाही पत्ता कायम करून घ्या.

२. प्रिंटरच्या पडद्यावरून नेटवर्कचा अहवाल छापा. त्यावर प्रिंटरचा पत्ता मिळतो. तो पत्ता संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकला की प्रिंटरचे अंतर्गत पान उघडते. तिथे सर्वांत आधी कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. दाराला नवी कडी लावायची आणि किल्ली मात्र चौकटीवरच ठेवायची, असे व्हायला नको.

३. आता चाळणीचे पान उघडा. पहिला नियम आपण ज्या संगणकावर बसलो आहोत त्याला परवानगी देणारा लिहा. मग बाकीच्या टेबलांना परवानगी द्या. पत्ते ओळीने असतील तर टापू देता येतो, जसे १९२.१६८.१०.२१ ते १९२.१६८.१०.२६. (हे आकडे नमुन्यादाखल आहेत.) "बाकी सर्व बंद" हा नियम अगदी शेवटी चालू करा. पुष्कळ यंत्रांत नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळेल तो लागू होतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

४. आयपी पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धतही आहे, तिला आयपीव्ही६ म्हणतात. जुन्या पद्धतीला चाळण लावली आणि ही तशीच चालू ठेवली तर पुढचे दार बंद, मागचे सताड उघडे. कार्यालयात लागत नसेल तर ती प्रिंटरवर बंद करावी. प्रिंटरचे स्वतःचे वायफाय, फाइली पाठवण्याची एफटीपी, टेलनेट ही दारेही वापरात नसतील तर बुजवावीत.

५. स्कॅन केलेला कागद मेलने किंवा दुसऱ्या संगणकाच्या फोल्डरमध्ये जात असेल तर तेही पाहा. काही यंत्रांत चाळण बाहेर जाणाऱ्यालाही लागते. तिथे त्या ठिकाणचा पत्ता परवानगीत घालावा लागतो.

६. शेवटी दोन्ही बाजूंनी पारख करा. परवानगीच्या संगणकावरून पान निघाले पाहिजे आणि यादीबाहेरच्या संगणकावरून निघता कामा नये. पुष्कळजण पहिली पारख करतात आणि दुसरी राहून जाते. कुंपण घातल्यावर आपले ढोर आत आहे हे पाहिले, पण दुसऱ्याचे आत येते का, हे पाहिलेच नाही, तर कुंपणाचा उपयोग काय? सर्व झाल्यावर सेटिंगचे पान छापून, तारीख टाकून कपाटात ठेवा.

चुकून आपणच बाहेर अडकलो तर घाबरायचे कारण नाही. प्रिंटरच्या पडद्यावरून चाळण बंद करता येते, नाहीतर नेटवर्कचे सेटिंग मूळ स्थितीला आणता येते. मात्र मग सगळे पुन्हा भरावे लागते. कपाटातला कागद कामी येतो तो तेव्हा.

चाळणीने काय होत नाही?

काट्यावर गाडीचा नंबर पाहून आत सोडतात. पण गाडीत कोणाच्या रानातला ऊस आहे हे नंबर सांगत नाही, त्यासाठी चिटबॉयची स्लिप लागते. चाळणीचेही तसेच आहे. ती पत्ता पाहते, माणूस पाहत नाही. जाळ्याच्या आत शिरलेला हुशार चोर खोटा पत्ताही लावू शकतो. म्हणून चाळणीच्या जोडीला पासवर्ड हवा, प्रिंटरचे सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत हवे, आणि राउटरमधून प्रिंटरकडे इंटरनेटची थेट वाट कधीही काढून देऊ नये. पाहुण्यांना द्यायचे वायफाय असेल तर ते वेगळे ठेवावे. भाड्याचे यंत्र परत देताना किंवा जुने भंगारात घालताना आतली डिस्क पुसून घ्यावी.

आणि ट्रेमध्ये दिवसभर पडून राहिलेल्या यादीला कुठलीच चाळण वाचवीत नाही! कोणीही यावे, मोबाईलवर फोटो काढावा आणि जावे. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, त्यात लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. पण कायद्याच्या आधी आपला सहकार आहे. सभासदाने विश्वासाने दिलेला कागद हा अमानत माल आहे.

सभासदांनी काय करावे?

आपली पावती, आपला गोषवारा आपण स्वतः मागून घ्यावा. यादी भिंतीवर खाते नंबरासकट लावलेली दिसली तर लगेच सांगावे. खाते नंबर बदलायचा असेल तर कार्यालयात येऊन, सही करून बदलावा. फोनवर मागणाऱ्याला काहीही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजू नये आणि वेळ घालवू नये. १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे, त्यावर ताबडतोब फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडकवून धरण्याची शक्यता जास्त. संगणकाच्या अशा घटना भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेला सहा तासांत कळवाव्यात, असे संस्थांना एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत.

आपल्यापैकी कित्येकजण गावच्या विकास सोसायटीत, दूध संस्थेत, पतसंस्थेत संचालक आहेत. तिथेही प्रिंटर आहे, तिथेही याद्या छापल्या जातात. पुढच्या मासिक सभेत सचिवांना एवढे दोनच प्रश्न विचारा: आपल्या प्रिंटरचा पासवर्ड बदलला आहे का, आणि त्याला कोणकोणत्या संगणकांवरून काम सांगता येते? दुसऱ्या प्रश्नाला "कुठूनही येतंय की" असे उत्तर आले तर वरची सहा कलमे त्यांच्या हाती द्या. तास-दीड तासाचे काम आहे, खर्च काही नाही.

बारा वाजता लाइट येते म्हणून रात्री उठून दारे धरणारी आपण माणसे. पाण्याचा थेंब वाया जाऊ देत नाही, मग पिकाच्या पैशाचा कागद उघड्यावर कसा सोडायचा?

पुढील अंकी खोडवा व्यवस्थापन. कळावे.

— ऊस विकास अधिकारी