कोळसा घेताय? भावाआधी पोत्याचा तळ बघा

थंडी पडली की मोहगाव, सौंसर, पांढुर्ण्याकडे अंगणात शेगडी पेटते. कुठे वांग्याचं भरीत, कुठे भाजलेली कोंबडी. पण स्वस्त कोळसा परवडतोच असं नाही. समजा, भाव ३० रुपये किलो आहे आणि पोत्यात पाव हिस्सा चुरा निघाला. म्हणजे कामाचा कोळसा ४० रुपये किलोनं पडला. ओला असेल तर पाण्याचेही पैसे मोजले.

घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजला तर कोरडा अन् नीट भाजलेला. तोडल्यावर आत तपकिरी दिसला तर लाकूड कच्चं राहिलंय, तो धूर करणार. बाभळीचा कोळसा जड, धग जास्त वेळ टिकते. हलक्या लाकडाचा लवकर पेटतो, लवकर विझतोही.

परासियाकडच्या खाणींचा दगडी कोळसा मात्र जेवणाला वापरू नका. गंधकाचा धूर अन्नाला लागतो. धुराची चव हवी तर संत्र्याचं वाळलेलं लाकूड निखाऱ्यावर टाका.

निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की मगच भाजायला ठेवा. आणि शेगडी राहू द्या अंगणातच. ऊब हवी म्हणून ती बंद खोलीत नेली, तर कोळशाचा विषारी वायू वासही न येता जीव घेतो.