सैनिकाच्या पत्नीस मुखत्यारपत्र द्यावें काय ?

सैन्यांत चाकरीस असलेल्या गृहस्थानें आपल्या माघारीं घरचा व्यवहार पाहण्यासाठीं पत्नीस मुखत्यारपत्र लिहून द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास वकिली आहे. पण वस्तुतः तो घराचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच या पृष्ठांतून त्याची चर्चा करणें आम्हांस अवश्य वाटतें. आईबाप, भाऊ-भावजया, पुतणे अशीं दहाबारा माणसें जेथें एका छपराखालीं नांदतात, त्या घरांतला एक मुलगा सियाचीनच्या बाजूस किंवा अरुणाचलच्या सीमेवर गेला, म्हणजे त्याचें टपाल ‘५६ ए. पी. ओ.’ अशा गांवाचें नांवच नसलेल्या पत्त्यावर जाऊं लागतें. त्याच्याशीं दूरध्वनीवर बोलतां येतें, तेंही नेहमीं नव्हे. परंतु बँकेच्या अधिकाऱ्यास किंवा दुय्यम निबंधकास त्याचें बोलणें पुरत नाहीं, त्यांना सही हवी असते. भाडेकऱ्याचा करार संपतो, घराच्या कर्जाचा कागद नवा करावा लागतो, जमिनीच्या फेरफारास हरकत घ्यावयाची मुदत निघून जाऊं लागते, आणि सही करणारा हात दीड हजार मैलांवर बर्फांत असतो.

अशा वेळीं बहुतेक घरांतून जी तोड निघते ती ठरलेली आहे. थोरल्या भावाच्या किंवा वडिलांच्या नांवें कुलमुखत्यारपत्र करावें, त्यांत स्थावरजंगम सर्व कामांचा समावेश करावा, आणि मुलानें निश्चिंत मनानें पलटणींत जावें. सुनेस तें कागद झाल्यावर कळतें; कित्येकदां तेंही नाहीं. आमचें मत या रूढ तोडीच्या विरुद्ध आहे आणि तें आरंभींच सांगून टाकणें बरें. मुखत्यारपत्र पत्नीसच द्यावें. मात्र तें आज ज्या घाऊक भाषेंत दिलें जातें त्या भाषेंत कोणासच देऊं नये.

मुखत्यार हा शब्द मूळचा अरबी; निवडलेला असा त्याचा अर्थ. आमच्याकडे ही कल्पना नवी नाहीं. मराठी राज्यांत वतनदाराच्या वतीनें काम पाहणारा मुतालिक असे, आणि धनी मोहिमेवर असतां त्याच्या नांवें कागद चालवी. आजचा कायदा १८७२ च्या करार-कायद्यांतील धनी-अडत्याच्या प्रकरणावर आणि १८८२ च्या मुखत्यारपत्रांच्या कायद्यावर उभा आहे. त्याचा मथितार्थ एवढाच कीं, मुखत्यारपत्रानें मालकी कोणाकडेही जात नाहीं. दुसऱ्यासाठीं सही करण्याची परवानगी तेवढी मिळते. आणि येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पत्नी ही केवळ पत्नी आहे एवढ्यावरून पतीच्या नांवें सही करण्याचा अधिकार तिला येत नाहीं. घरखर्चाच्या आवश्यक जिनसा त्याच्या नांवावर उधार आणण्यापुरता अधिकार कायदा गृहीत धरतो. त्यापलीकडे, वीस वर्षें संसार केलेली बाई आणि शेजारचा दुकानदार, दोघेही बँकेच्या दाराशीं सारखेच परके.

आतां आक्षेपांकडे वळूं. सुनेला व्यवहार कळत नाहीं, हा पहिला. आजच्या शिकलेल्या सुनांविषयीं हें म्हणणें जुनें झालें आहे, म्हणून त्यावर शब्द खर्चीत नाहीं. मे २०२५ मध्यें खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांपैकीं एखादी उद्यां विवाह करून सीमेवर गेली, तर तिचें मुखत्यारपत्र तिच्या नवऱ्यास न देतां तिच्या थोरल्या जावेस द्यावें अशी सूचना कोणी करील असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो नीट ऐकून घेतला पाहिजे. एकत्र कुटुंबांत मुलाची सही सुनेच्या हातीं गेली, तर घराला तडा जाईल. ती दिराकडे हिशेब मागेल, उद्यां वाटणीचा दावाही लावील, अशी वडीलधाऱ्यांची भीति असते. ही भीति कोणी सहसा मोठ्यानें बोलून दाखवीत नाहीं, पण भावाच्या नांवें कागद होण्याचें खरें कारण तीच असते. यावर आमचें सांगणें असें. मुखत्यारास धन्याहून अधिक अधिकार कधींच मिळत नाहीं. सामायिक मिळकतीचा कारभार कर्त्याकडे असेल, तर मुलास त्या मिळकतींत जेवढें बोलतां येतें तेवढेंच त्याच्या मुखत्यारास बोलतां येईल. वाटणी मागण्याचा, तडजोड करण्याचा किंवा हक्क सोडून देण्याचा अधिकार या कागदानें दिलेला नाहीं, असें एक वाक्य त्यांत घातलें कीं ती वाट बंद होते. कारण मुखत्यारपत्राचा अर्थ न्यायालयें काटेकोरपणें करतात. जें स्पष्ट लिहिलें नाहीं तें दिलें नाहीं असेंच मानण्याकडे त्यांचा कल असतो. ‘सर्व व्यवस्था पाहावी’ एवढ्या शब्दांनीं घर विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार येत नाहीं.

उलट, भावाच्या नांवें कागद झाला म्हणजे काय होतें तेंही पाहावें. भावाचा आणि सैनिकाचा हितसंबंध त्याच मिळकतींत गुंतलेला असतो. भाऊ प्रामाणिक असला तरी, दोघांच्या वाट्यांचा प्रश्न आला कीं एका हातानें स्वतःसाठीं आणि दुसऱ्या हातानें धाकट्यासाठीं सही करण्याचा अवघड प्रसंग त्याच्यावर येतो. मुखत्यारानें धन्याला सर्व हकीकत सांगून संमति घेतल्यावांचून त्याच्या कामांत स्वतःशींच व्यवहार केला, तर तो व्यवहार धन्यास नाकारतां येतो, अशी तरतूद करार-कायद्यांत आहे ती याचसाठीं. हीच तरतूद पत्नीसही बांधते. नवऱ्याची जमीन तिला आपल्या माहेरच्या माणसांकरवीं स्वतःकडे वळवितां येणार नाहीं. मागेल तेव्हां हिशेब देण्याचें कर्तव्यही मुखत्यारावर आहे. नवऱ्यानें बायकोकडे लेखी हिशेब मागावा हें आपल्याकडे चमत्कारिक दिसेल; पण हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या बाईस पुढें कोणाच्या बोलण्याची भीति उरत नाहीं, हें अनुभवी गृहिणींस आम्हीं सांगावयास नको.

आणखी एक कलम एकत्र कुटुंबांतील सुनांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जें काम मुखत्यारानें स्वतः करावयाचें पत्करलें, तें त्याला सामान्यतः दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. सासऱ्यांनीं किंवा दिरांनीं कोरा कागद पुढें करून “तूं नुसती सही कर, बाकीचें आम्ही पाहतों” असें म्हटलें, तर ‘मला तो अधिकार नाहीं’ हें उत्तर उद्धटपणाचें नसून कायद्याचें आहे. मामंजींना हें सांगणें जड जातें. म्हणून तें मुलानेंच जाण्यापूर्वी, सर्वांदेखत, सांगून ठेवावें.

घर किंवा जमीन विकण्याचा अधिकार मात्र आमच्या मतें सर्वसाधारण कागदांत घालूंच नये. खरोखर विक्री करावयाचीच असेल, तर त्या एका मिळकतीपुरतें, तिचें वर्णन देऊन आणि मुदत घालून, खास मुखत्यारपत्र करावें. मुखत्यारपत्रांच्या आधारें मिळकती विकण्याचा जो धंदा कांहीं शहरांत माजला होता, त्याला सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं सूरज लॅम्प खटल्याच्या निकालानें लगाम घातला. असल्या कागदानें मालकी मिळत नाहीं असें स्पष्ट केलें. परंतु त्याच निकालांत, पति, पत्नी, मुलें, भावंडें किंवा नातलग यांना व्यवहार पाहण्यासाठीं अथवा खरेदीखत करून देण्यासाठीं दिलेल्या प्रामाणिक मुखत्यारपत्रांस बाध येत नाहीं, हेंही सांगितलें आहे. दस्त नोंदणीस हजर करण्याचा अधिकार द्यावयाचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें, देणारा जेथें राहतो तेथील निबंधकासमोर तें पत्र करून प्रमाणित करावें लागतें. म्हणून हें काम रजेवर घरीं असतांनाच उरकावें. निघण्याच्या आदल्या दिवशीं नव्हे.

सैनिकासाठीं कायद्यानें दोन खास सोयी केल्या आहेत, आणि त्या थोड्यांनाच ठाऊक असतात. दिवाणी व्यवहारसंहितेच्या अठ्ठाविसाव्या आदेशाप्रमाणें, ज्या सैनिकास दाव्यासाठीं रजा मिळूं शकत नाहीं त्यानें आपल्या कमांडिंग ऑफिसरासमोर सही करून कोणासही आपल्या वतीनें दावा चालविण्याचा अधिकार द्यावा; अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हाच त्याचा पुरेसा पुरावा. दुसरी सोय जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्यें, आणि पुढें १९२५ मध्यें सैनिकांच्या खटल्यांविषयीं कायदा झाला. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितींत असलेला सैनिक हजर राहूं शकत नसेल आणि त्याच्या वतीनें अधिकृत माणूसही हजर नसेल, तर न्यायालयानें काम तहकूब ठेवावें, असें त्यांत आहे. मेख येथेंच आहे. पत्नीस कोर्टकचेरीचा सरसकट अधिकार देऊन ठेवला आणि ती हजर झाली, तर तहकुबीची ढाल हातांतून जाण्याचा संभव उत्पन्न होतो. म्हणून दाव्यांचा अधिकार मुखत्यारपत्रांत घालण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा. घाऊक भाषेविषयीं आमचा जो राग आहे तो अशा कारणांसाठीं.

येथवर आम्हीं मुखत्यारपत्राची बाजू मांडली. पण त्याच्यावर जो विश्वास टाकला जातो तो फाजील आहे, हें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. धनी मरण पावला कीं मुखत्यारी त्याच क्षणीं संपते. ज्या दिवशीं घरीं ती बातमी येते, त्या दिवसापासून त्या कागदावर पत्नीनें केलेली सही निरुपयोगी ठरते. बातमी कळण्यापूर्वीं सद्भावानें केलेल्या कामास संरक्षण आहे. मृताच्या वारसांसाठीं मिळकतीची जपणूक करण्याचें कर्तव्यही तिच्यावर राहतें. परंतु नवा व्यवहार करतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर धन्याचें मन ठिकाणावर राहिलें नाहीं तरी मुखत्यारी संपते. डोक्यास गोळी लागून जिवंत परतलेल्या जवानाच्या पत्नीवर याहून कठोर प्रसंग तो कोणता? जिला अधिकाराची खरी गरज पडली तिचाच अधिकार गळून पडतो, आणि न्यायालयाकडून पालक नेमून घेण्यासाठीं तिला उंबरे झिजवावे लागतात. अमेरिकेंत निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांनीं, देणाऱ्याची बुद्धि गेली तरी टिकणारें मुखत्यारपत्र करतां येतें. तेथें १९९३ पासून, सैन्याच्या विधिसाहाय्यानें झालेला कागद प्रत्येक राज्यानें मानलाच पाहिजे असा संघराज्याचा नियमही आहे. आणि सैनिक बेपत्ता झाल्यावर पत्नीच्या नांवच्या मुखत्यारपत्राची मुदत संपली, तर ती तो बेपत्ता असेतों आपोआप वाढते. असा कायदा आपल्याकडे व्हावा अशी मागणी करण्यास कोणाची हरकत असूं नये.

तोंपर्यंत मुखत्यारपत्राच्या जोडीला दुसरे कागद हवेत. बँकेंतील खातें दोघांच्या नांवें असावें. विमा, भविष्यनिर्वाह निधि, निवृत्तिवेतन या सर्वांत नामनिर्देशन विवाहानंतर बदललें आहे ना, हें तपासावें. लग्नापूर्वीं आईचें नांव घातलेलें तसेंच राहून गेल्याचीं उदाहरणें नवीं नाहींत. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेंही लक्षांत असावें. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणें हिंदु पुरुषाची विधवा, त्याचीं मुलें आणि त्याची आई हीं पहिल्या वर्गांतील वारस आहेत. म्हणजे सासूसुनेचा वाटा सारखा. याहून वेगळी इच्छा असेल तर मृत्युपत्र करावें. रणांगणावर असलेल्या सैनिकास तोंडी मृत्युपत्र करण्याची जी सवलत १९२५ च्या वारसा कायद्यांत आहे, ती हिंदु सैनिकास लागू नाहीं. त्यानें दोन साक्षीदारांसमक्ष लेखीच केलें पाहिजे.

मुखत्यारपत्र रद्द करतां येतें, आणि त्यांत कोणाचा अपमान नाहीं. परंतु रद्द केल्याची बातमी पत्नीस आणि बँकेस पोंचेतों तें त्यांच्यापुरतें जिवंत असतें. म्हणून मुदत घालणें उत्तम. एका नेमणुकीपुरती, फार तर तीन वर्षांची मुदत घालावी. पुढें लागल्यास नवें करावें. मूळ कागद पत्नीच्या पेटींत असावा, एक नक्कल बँकेंत आणि एक पलटणींत. चौथी नक्कल वडिलांच्या हातीं द्यावी, आणि ती देतांना मुलानें तिच्यांतील प्रत्येक कलम त्यांना स्वतः वाचून दाखवावें. त्या वेळीं सूनही तेथें बसलेली असावी.