नवव्यांदा तुटणारं गाणं

कॅसेटच्या धंद्यात गिऱ्हाइकाला गाण्याचं नाव क्वचितच माहीत असायचं. माणूस यायचा, गल्ल्यापाशी जरा घुटमळायचा, मागे कुणी ओळखीचं उभं नाही ना ते बघायचा आणि मग हळूच गुणगुणायचा. शब्द चुकलेले, सूर त्याहून चुकलेला. तरी मला गाणं कळायचं. वाघोलीत नगर रोडला माझं दुकान होतं. गाळा अजून तोच आहे, पण आता त्यात मोबाइलची कव्हरं आणि झेरॉक्स. तेव्हा माझ्याकडे मालाचा अंदाज बांधायची एकच युक्ती होती : नवीन गाणं आठवड्याभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी गुणगुणून मागितलं, की त्या कॅसेटच्या वीस प्रती आणायच्या.

१९९९ च्या सुरुवातीला खाणीवरचा एक डंपरवाला आला. तेव्हाची वाघोली म्हणजे दगडाच्या खाणी, क्रशर आणि काउंटरवर दिवसातून चार वेळा पुसली तरी बसणारी पांढरी धूळ. गडी म्हणाला, “मालक, ते इंग्लिश हाय बगा. पोरगी रडल्यावानी गाती, पन रडत न्हाई.” आणि त्याने चाल म्हणून दाखवली. अगदी बरोबर म्हटली. शब्दांच्या जागी नुसतं ‘बिगबिग बिगबिग’ होतं, पण चालीचा एक सूरही ढळला नव्हता.

ते गाणं ‘बिग बिग वर्ल्ड’. गाणारी एमिलिया रिडबर्ग, स्टॉकहोमची, जन्म १९७८ चा, म्हणजे गाणं आलं तेव्हा विशीतली. आई स्वीडिश, वडील इथिओपियाचे. १९९८ साली आलेल्या तिच्या पहिल्याच अल्बममधलं हे गाणं. अल्बमचं नावही तेच. तिने ते लार्स अँडरसन यांच्याबरोबर लिहिलं. स्वीडन, जर्मनी अशा देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, इंग्लंडात पाचव्या. आमच्याकडे ते केबलवरून आलं आणि डंपरच्या केबिनमध्ये जाऊन बसलं.

इंग्रजी न कळणाऱ्या माणसाला ते का चिकटलं असेल, यावर मी गल्ल्यावर बसून पुष्कळ विचार केलाय. गिऱ्हाईक नसलं की कॅसेटवाल्याला दुसरं काय काम? इंग्रजी पॉप गाणं बहुतेक वेळा आधी कडवं गातं, हवा तयार करतं आणि मग ध्रुवपदावर येतं. हे गाणं ध्रुवपदानेच सुरू होतं. आपलं भावगीत तेच करतं, आरतीही तेच करते. मुखडा आधी, अंतरा नंतर, फिरून मुखडा. मराठी कानाला यात वेगळं काही शिकायचं नव्हतं. शिवाय ती ‘बिग बिग’ जोडी. इंग्रजीत विशेषण असं सहसा दोनदा येत नाही, आपल्याकडे मात्र गार गार वारा, लांब लांब वेण्या, मोठ्ठी मोठ्ठी झाडं हे पाळण्यापासून असतं. आणि शब्द सगळे इवलेसे. आमच्या पिढीने मराठी शाळेत पाचवीपासून इंग्रजी शिकलं, पहिलीपासून इंग्रजी नंतर, २००० साली आलं. त्या पाचवीच्या पुस्तकातल्या शब्दांवर हे गाणं निभतं. पहिलं पिवळं पान गळतं, बाहेर पाऊस पडतो, जिव्हाळ्याचं माणूस निघून जातंय. मुलगी म्हणते, मी मोठी आहे, फार काही बिघडणार नाही, पण आठवण येईल. एवढाच ऐवज.

तिकडे अशा गाण्याला सिंगल म्हणतात. पूर्वी सात इंची छोटी तबकडी निघायची, एका बाजूला एक गाणं, तीनेक मिनिटांचं. अल्बममधलं सगळ्यांत धारदार गाणं आधी सुटं बाजारात सोडायचं. ते चाललं की लोक अल्बम घेतात. आपल्याकडेही छोट्या तबकड्या होत्या, पण कॅसेट आली आणि सुटं गाणं विकत मिळणं संपलं. एका गाण्यासाठी दहा घ्या. त्यातली आठ कुणी ऐकत नसे, हे मी शपथेवर सांगतो. दुरुस्तीला आलेल्या कॅसेटची टेप नेहमी एकाच गाण्यापाशी चुरगाळलेली असायची.

म्हणून आमचा सिंगल म्हणजे ‘भरून देणं’. गिऱ्हाइकाने वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायची, मी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची, गाण्याला एक रुपया. कायद्याने ते चूकच होतं आणि मी ते केलं. डबल डेक होता. आधी हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, टेप सैल असली तर पेन्सिल घालून घट्ट करायची, गाणं संपता संपता पॉझवर बोट ठेवून बसायचं. शेवटी कॅसेटच्या पाठीवरचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे पेचकसाने मोडायचे, म्हणजे वर चुकून दुसरं काही भरलं जात नाही.

डंपरवाल्याची यादी एका ओळीची होती. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक अख्खी बाजू, तेच गाणं. “सारखं मागं कोन फिरवत बसल? हात ष्टेरिंगवर आस्त्यात.” म्हणणं रास्त होतं. बाजू तीस मिनिटांची. आठ वेळा गाणं पूर्ण बसलं, नवव्यांदा शेवटाला येता येता खटका पडला आणि बटण वर आलं. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. तवर केसनंद फाटा येतोय.”

स्वीडनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो; हे मला फार उशिरा कळलं, मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं. १९९८ साली त्या देशाची लोकसंख्या ८८ लाखांच्या आसपास होती. २००१ च्या जनगणनेत आपला एकटा पुणे जिल्हा ७२ लाखांचा. एवढ्याशा देशातून आब्बा निघालं, रॉबिन निघाली, आणि ब्रिटनी स्पीअर्सचं पहिलं गाजलेलं गाणंही स्टॉकहोमच्या स्टुडिओतच घडलं. तिथे गावोगावी नगरपालिकांच्या संगीतशाळा असतात, पोरांच्या हातात अल्प खर्चात वाद्य येतं, हे त्याचं एक कारण सांगतात. आपल्या गावात पोराच्या हातात पहिलं वाद्य येतं ते लेझीम किंवा टाळ, आणि तेही काही वाईट नाही. पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. लार्स अँडरसन हे आब्बाचे मॅनेजर स्टिग अँडरसन यांचे चिरंजीव. या स्टिग यांनी दिलेल्या पैशातून पोलर संगीत पुरस्कार सुरू झाला, आणि १९९८ साली तो पंडित रविशंकर यांना मिळाला, रे चार्ल्स यांच्या जोडीने. बापाच्या पुरस्काराने सतार स्टॉकहोमला नेली, त्याच वर्षी मुलाने लिहिलेलं गाणं वाघोलीच्या खाणीकडे निघालं होतं.

त्याच १९९८ मध्ये मराठीत ‘गारवा’ आला. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, शब्द सौमित्र यांचे, म्हणजे नट किशोर कदम. हेही पावसाचंच. फरक एवढाच, की यात गाण्याआधी कवी स्वतः बोलतो. तापलेल्या उन्हापासून सुरुवात करतो, आभाळ भरून आणतो आणि मग गाणं पडतं. कॅसेट कंपनीच्या माणसाला मी म्हणालो होतो, बोलणं कोण ऐकणार, लोक पुढे पळवतील. माझा अंदाज साफ आपटला. पोरं गल्ल्यापाशी गुणगुणेनात, ती चक्क बोलून दाखवायला लागली, त्या आवाजातल्या थांब्यांसकट. गॅदरिंगला म्हणायचं म्हणून कागदावर उतरवून घेण्यासाठी एक जण तीन दुपारी माझ्या स्टुलावर बसला. चाल नाही, नुसतं बोलणं, आणि तरी ते सिंगलचं काम करत होतं! पुढे वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजीबा’ आलं, अवधूत गुप्ते यांच्या संगीताचं. ते मागायला कुणाला गुणगुणावं लागलं नाही, लग्नाच्या मांडवातून ते आपणच दुकानात यायचं. पण ते नाचायचं गाणं. एकट्याने, परत परत ऐकायची गाणी ही दोन.

एक मुलगा यायचा, दहावी-अकरावीतला. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची हजारावर मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला शिकायला आणली, वाघोलीत त्यांची शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं, हा त्यातला. टेप नव्हता त्याच्याकडे. तो गुणगुणायचा नाही, नुसता काउंटरच्या कडेला उभा राहायचा. मला कळायचं, मी लावायचो. पाऊस असला की ‘गारवा’ मागायचा, एरवी एमिलिया. एकदा त्याने मला त्या इंग्रजी गाण्याचा अर्थ सांगितला, ओळ धरून, सरांना धडा म्हणून दाखवावा तसा. शेवटच्या कडव्यापाशी थांबला आणि म्हणाला, “पुढचं सोपं आहे काका, तुम्हाला कळेल.”

बारावी झाल्यावर त्याने पहिल्यांदा ऑर्डर दिली. साठची कॅसेट, एका बाजूला ‘बिग बिग वर्ल्ड’, दुसऱ्या बाजूला ‘गारवा’, बसेल तितक्या वेळा. दहा रुपये आगाऊ ठेवले. मी भरली, पाठीचे तुकडे मोडले, कव्हरवर बॉलपेनने दोन्ही नावं लिहिली. तो न्यायला आला नाही. गावी गेला की नोकरीला, कुणास ठाऊक.

खाणी मागे सरकल्या, सोसायट्या आल्या, २०२१ मध्ये वाघोली महापालिकेत गेली. माझ्या दुकानासमोरच्या ट्रॅफिकमध्ये आता एका सिग्नलला तीन गाणी होतात. डेक अजून आहे, झेरॉक्स मशिनच्या मागे. परवा लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर लावून बघितला. बेल्ट सैल पडलाय, त्यामुळे विशीतली एमिलिया आता पन्नाशीच्या भारदस्त बाईच्या आवाजात गाते, आणि जरा सावकाश. सावकाश म्हणजे टेप सावकाश, त्यामुळे गाणी तेवढीच बसतात. आठ वेळा पूर्ण झालं. नवव्यांदा, जिथे मी तेव्हा सोडलं होतं तिथेच, खटका पडला. मी कॅसेट उलटी केली.