डेटाबेस कनेक्ट होत नाही? थांबा, लगेच सेटिंग बदलू नका



जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स टाकून दुकानाचं बिलिंग आणि स्टॉक चालवायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुसऱ्या काउंटरवरून डेटाबेस कनेक्टच होत नाही. इन्स्टॉल करताना काही चुकलं का?"

काही चुकलं नाही. ते मुद्दाम बंद ठेवलंय.

डेबियनमध्ये मारियाडीबीचं पॅकेज टाकलं की त्याच्या सेटिंगमध्ये 'बाइंड-ॲड्रेस' १२७.०.०.१ असतो. म्हणजे त्याच मशीनवरचे प्रोग्राम डेटाबेसशी बोलू शकतात, बाहेरचं कुणी नाही. पॅकेज बनवणाऱ्याला तुमचं दुकान माहीत नाही, राउटर कसा आहे तेही माहीत नाही. त्यामुळे तो असा विचार करतो, की मालकाने एकही सेटिंग न बघता काम सुरू केलं तरी त्याचं नुकसान होऊ नये. गाळा ताब्यात देताना शटर खाली ओढून किल्ली तुमच्या हातात द्यावी, तसं आहे हे.

आणि शटर उघडंच ठेवून गाळा दिला तर? मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डशिवाय, सगळ्या नेटवर्कला उघड्या चालायच्या. जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर असे उघडे पडलेले हजारो डेटाबेस चोरट्यांनी पुसून टाकले आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. पैसे भरूनही डेटा परत मिळेल याची खात्री नव्हती. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून हे दार मुळातच बंद येऊ लागलं. आता विचार करा, त्यात तुमची उधारीची वही असती तर?

म्हणून कुणी सांगितलं की "०.०.०.० टाक, लगेच चालेल", तर चालेल हो, पण सगळ्यांसाठी चालेल! त्याऐवजी तिथे त्या मशीनचा दुकानातल्या नेटवर्कवरचा ॲड्रेस टाका. प्रत्येक काउंटरला वेगळा युजर आणि पासवर्ड द्या. राउटरवर डेटाबेसचा पोर्ट बाहेर उघडू नका. घरून हिशोब बघायचा असेल तर व्हीपीएन लावून घ्या.

जेवढं बदलाल तेवढंच तारखेसकट वहीत लिहा. का? तुम्ही हात न लावलेली सेटिंगची फाइल अपडेटमध्ये गुपचूप नवी होते. हात लावलेली असेल आणि पॅकेजमध्येही ती बदलली असेल, तर डेबियन विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते, हाही एक शहाणा डिफॉल्टच. पण सहा महिन्यांनी तो प्रश्न समोर आला की आपण काय बदललं होतं तेच आठवत नाही राव!

एक गोष्ट मात्र या पॅकेजमध्ये तयार मिळत नाही, ती म्हणजे रोजचा बॅकअप. तो तुम्हालाच लावायचाय, आणि त्याच मशीनवर नाही, वेगळ्या डिस्कवर. आज रात्री शटर ओढायच्या आधी पहिला बॅकअप घेऊन टाका.