वार्धक्यातील उपासमार आणि घरची माणसे

घरातील वृद्ध माणूस वाळू लागला की "आता वय झाले, अंग आटायचेच" असे म्हणून सारे जण आपले समाधान करून घेतात. वयोमानाप्रमाणे अंगावरील मांस थोडेफार झडते, हे खरे. परंतु अंगठी बोटातून निसटू लागणे, सदरा खांद्यावर लोंबणे, नीट बसणारी कवळी सैल होणे, ही केवळ वयाची लक्षणे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे असते. पुष्कळदा ती उपासमारीची चिन्हे असतात, आणि ही उपासमार धान्याने भरलेल्या घरातही होते.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के माणसे प्रमाणापेक्षा कमी वजनाची आढळली. म्हणजे चारांत एकाहून अधिक. शिवाय पोट सुटलेल्या माणसाचेही हातपाय काटकुळे होत असतील, तर त्याचे पोषण नीट चालले आहे असे मानता येत नाही.

ह्या दृष्टीने न्हावा शेव्याचा किनारा विचार करण्याजोगा आहे. उरण तालुक्यातील हा भाग पूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर जगत असे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला, व पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. शेवा कोळीवाड्यातील कुटुंबे उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसविण्यात आली. १९८९ साली बंदर सुरू झाले, आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून येणारा सागरी सेतूही खुला झाला. तो लढा भर तारुण्यात पाहिलेली पिढी आज वृद्ध झाली आहे. जे अन्न पूर्वी शेतातून व खाडीतून घरी येई, त्यातील बरेचसे आता दुकानातून आणावे लागते. बंदराचे काम अहोरात्र चालते. मुले, सुना पाळीवर गेल्या म्हणजे वृद्धाचे ताट झाकून ठेवलेले असते. पण झाकून ठेवलेले ताट खाल्ले गेलेच, असे धरून चालता येत नाही.

ते का खाल्ले जात नाही? उतारवयात जिभेची चव आणि नाकाची वास घेण्याची शक्ती मंदावते. तहानही मंद होते. दात पडलेले असतात, काही औषधांनी तोंड कोरडे पडते किंवा अन्नावरची वासना उडते. जोडीदार गेल्यावर एकट्याने जेवण्यात मन रमत नाही. सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची सवय जन्मभर जोपासलेली आजी म्हातारपणीही तेच करते. त्यातच पथ्ये येतात. मधुमेहासाठी भात बंद, रक्तदाबासाठी मीठ बंद, हृदयासाठी तूप व अंडी बंद, असे करता करता ताटात खाण्याजोगे फारसे उरत नाही. एकादशी, संकष्टीला साबुदाणा असतो. पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट होय.

वृद्धाला तरुणाइतके अन्न लागत नाही. प्रथिनांची गरज मात्र कमी होत नाही. शरीराच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने वृद्धास मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम, आणि वाटीभर घट्ट वरणातून जवळपास तेवढीच प्रथिने मिळतात. चहा आणि दोन बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याची तूट किती पडत असेल, ह्याची यावरून कल्पना येईल. ह्या तुटीने स्नायू झिजतात, उठताना तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडते. जखम लवकर भरत नाही आणि साधा ताप अंथरुणाला खिळवतो.

ह्यावर घरच्या माणसांना पुष्कळ करता येते. पहिली गोष्ट, महिन्यातून एकदा वजन करून ते दिनदर्शिकेवर टिपून ठेवावे. तीन महिन्यांत तीन किलो वजन विनाकारण घटले, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब लावू नये. दुसरी, दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे द्यावे, व प्रत्येक घास सकस करावा. पेजेत तूप, खिचडीत मुगाची डाळ जास्त, भाजीत शेंगदाण्याचे कूट, दुधात दुधाची भुकटी घालणे कोणत्याही घरी अवघड नाही. ओला बोंबील मऊ असतो. काटा काढून कालवणात मऊ भाताबरोबर दिल्यास दात नसलेल्यासही तो खाता येतो. सुक्या बोंबलात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. मात्र सुकी मासळी खारवलेली असेल, तर रक्तदाब असणाऱ्यास ती जपून द्यावी. तिसरी, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पुढे करावे. चौथी, दिवसातून एक जेवण तरी कोणाच्या सोबतीने व्हावे. पाळीमुळे घरच्यांना ते जमत नसल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ठरवून घ्यावे. हे ओझे एकट्या सुनेवर टाकणे न्याय्य नाही. पाचवी, सर्व औषधे व सर्व पथ्ये एकाच डॉक्टरांपुढे ठेवून, त्यांतील कोणती खरोखर आवश्यक आहेत, हे विचारावे.

काही ठिकाणी सावधगिरी हवी. जेवताना वारंवार ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करावी आणि नेहमी ताठ बसवूनच भरवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. बरेच दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. तेथे वाढ हळूहळू आणि वैद्यकीय देखरेखीखाली व्हावी.

शेवटी, वृद्धाला काय हवे, हे त्यालाच विचारावे. ज्याने आयुष्यभर घराला मिळवून घातले, त्याला आज कोणते कालवण खावेसे वाटते, एवढे विचारण्यास पैसा पडत नाही. आणि आवडीचे असले की दोन घास अधिक जातात.