वाळूत खुशाल लोळा, दगड मात्र कोरडा कापू नका

1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियानं कृत्रिम दगडाच्या लाद्यांवर बंदी घातली. बनवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, बसवायच्याही नाहीत. अशी सरसकट बंदी आणणारा तो जगातला पहिला देश. आपल्याकडे स्वयंपाकघराचा ओटा करून देणारे ज्याला नुसतं ‘क्वार्ट्झ’ म्हणतात, तोच हा दगड. गारगोटीची भुकटी रेझिनमध्ये कालवायची, दाबायची, भाजायची आणि घोटायची, की चकचकीत लादी तयार. ऑस्ट्रेलियातल्या तपासण्यांत 2018 च्या आधीपासून या लाद्या कापणाऱ्या कामगारांपैकी जवळजवळ चारातल्या एकाला सिलिकोसिस निघाला. त्यातले कित्येक ऐन उमेदीतले तरुण.

या बातमीवर एका वाचकांनी रोखठोक प्रश्न केला आहे. ‘क्वार्ट्झ म्हणजे शेवटी वाळूच. गणपतीपुळ्याला आम्ही वाळूत लोळतो, नातवंडं तर वाळू तोंडातसुद्धा घालतात. कोणाला काही झालेलं ऐकलं नाही. मग ऑस्ट्रेलियाचा हा कांगावा कशासाठी?’

प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही. किनाऱ्यावरची वाळू आणि कटरखालून उडणारी धूळ, दोन्ही सिलिकॉन डायऑक्साइडच. फरक पडतो तो मापात, आकारात आणि पृष्ठभागात. आणि या तिन्ही गोष्टी ठरतात त्या दगडाशी आपण काय करतो यावर.

आधी मापाचं पाहू. किनाऱ्यावरचा वाळूचा कण साधारण 200 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. नाकाच्या उंचीवरून सोडला तर सेकंदभरात जमिनीवर. तोच क्वार्ट्झचा कण 5 मायक्रॉनचा असेल, तर स्टोक्सच्या नियमानं त्याला खाली यायला दहा-बारा मिनिटं लागतात. आणि 1 मायक्रॉनच्या कणाला? पाच तास, तेही खोलीतली हवा अगदी निश्चल असेल तर. म्हणजे सकाळच्या पाळीत उडवलेली धूळ दुपारी डबा उघडताना हवेतच असते. मोठे कण नाक आणि घसा अडवतात, खोकल्यावाटे बाहेर टाकतात. चार-पाच मायक्रॉनच्या आतले मात्र थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. उन्हाच्या तिरिपीत जी धूळ आपल्याला दिसते ती बहुतेक जाडी असते. काळजी करायची ती न दिसणाऱ्या धुळीची.

वायुकोशात पोचलेल्या कणाची विल्हेवाट लावायला भक्षक पेशी टपलेल्याच असतात. मातीचा, काजळीचा कण त्या गिळतात आणि वरच्या वाटेनं बाहेर नेऊन सोडतात. क्वार्ट्झचा कण गिळला की पेशीच मरते. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक मरणाबरोबर आग वाढते, व्रण पडतात, आणि फुप्फुसात तंतुमय गाठी धरतात. काम सोडलं तरी हे चक्र चालूच राहतं आणि त्यावर रामबाण औषध आजही नाही. त्यात ताज्या फोडलेल्या क्वार्ट्झचा मारा जास्त. तुटलेल्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांची टोकं मोकळी असतात आणि मिळेल त्याच्याशी अभिक्रिया करतात. काळ गेला, पाणी लागलं, की ती शांत होतात. किनाऱ्यावरच्या वाळूचे कोपरे समुद्रानं कधीच घासून टाकलेले असतात. वाचकांच्या नातवंडांना त्यामुळे खुशाल खेळू द्यावं. त्यांनी खाल्लेली वाळूसुद्धा पोटात जाते, फुप्फुसात नव्हे.

पाटीवरची दगडी पेन्सिल आठवते? लिहिण्यापेक्षा चावण्यात जिचा जास्त भाग खर्ची पडायचा ती? चावणाऱ्यांना काही झालं नाही. पण मध्य प्रदेशातल्या मंदसौरमध्ये ती पेन्सिल कापणाऱ्यांना झालं. विजेच्या करवती आल्या, दगडाच्या पट्ट्या झरझर कापल्या जाऊ लागल्या आणि खोली धुळीनं भरली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या कामगारांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला. दगड तोच होता, पेन्सिलही तीच. कापण्याची रीत बदलली होती.

क्वार्ट्झच्या पृष्ठभागाचं हे रहस्य लक्षात आल्यावर माणसाला काय सुचावं? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातली हकिकत सांगतो. 1930 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या संशोधकांनी सशांवर प्रयोग केले. क्वार्ट्झच्या धुळीत ॲल्युमिनियमची पूड मिसळली, तर कणांवर ॲल्युमिनियमचा लेप बसतो आणि फुप्फुसाला इजा कमी होते, असं त्यांना दिसलं. विज्ञान म्हणून निरीक्षण देखणं होतं. पण त्यावरून उपाय काय निघाला? मॅकइंटायर नावाच्या सोन्याच्या खाणीच्या नावानं ‘मॅकइंटायर पावडर’ तयार झाली. 1943 पासून खाण कामगारांना पाळीवर उतरण्याआधी कपडे बदलण्याच्या खोलीत बसवायचे, दारं लावायची आणि काळी ॲल्युमिनियमची पूड हवेत सोडायची. खोल श्वास घ्या, म्हणायचं! खाणीतली धूळ कमी करायला पंखे, नळ, पाणी, म्हणजे पैसा लागतो. त्यापेक्षा कामगाराच्या छातीत आणखी एक धूळ भरणं स्वस्त पडलं. हा प्रकार 1979 पर्यंत चालला. सिलिकोसिस काही त्यानं टळला नाही. उलट पुढे या कामगारांत पार्किन्सनचं प्रमाण जास्त आढळलं आणि 2022 मध्ये ऑन्टारिओनं त्यांच्या बाबतीत तो व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. ‘फुप्फुसं साफ करणारे’ काढे आणि धंदेवाईकांची ‘डस्ट डिटॉक्स’ पाकिटं पाहिली की मला ती बंद दारांची खोली आठवते.

आतापर्यंत गोलसर कणांबद्दल बोललो. तंतूंची गोष्ट वेगळी, आणि ती सांगताना मला एका माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ॲस्बेस्टॉसच्या इतिहासात डॉक्टरांची नावं ठळक आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केपमध्ये निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. 1960 मध्ये ख्रिस्तोफर वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरच्या, 33 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. एरवी हा कॅन्सर इतका दुर्मिळ, की कित्येक डॉक्टरांना तो जन्मात दिसत नसे. यातल्या काहींनी खाणीत कधी कामही केलं नव्हतं. लहानपणी ते त्या परिसरात राहिले, खेळले होते, एवढंच. पण एक कोडं राहिलंच. ॲस्बेस्टॉसचे शंभर मायक्रॉनहून लांब तंतूही फुप्फुसात खोलवर सापडत होते. पाच मायक्रॉनच्या वरचा कण जिथे जाऊ शकत नाही, तिथे ही एवढी लांब वस्तू पोचली कशी?

हे कोडं सोडवलं व्हर्नन टिम्ब्रेल यांनी. वेल्समधल्या पेनार्थ इथे धुळीनं होणाऱ्या फुप्फुसविकारांचं एक संशोधन केंद्र होतं, मुख्यतः कोळसा खाण कामगारांसाठी. टिम्ब्रेल तिथे धुळीच्या मोजमापाचं काम करत. हवेत तंतू किती वेगानं खाली येतो हे त्याच्या लांबीवर जवळजवळ ठरतच नाही, ठरतं ते जाडीवर, हे त्यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं. 1 मायक्रॉन जाडीचा तंतू कितीही लांब असो, हवेत तो वागतो जेमतेम तिप्पट व्यासाच्या पाण्याच्या थेंबाइतका. शिवाय हवेच्या प्रवाहात तो प्रवाहाच्या दिशेनं सरळ होतो. वाड्यातल्या अरुंद बोळातून मांडवाचा बांबू नेणारा माणूस बांबू आडवा धरत नाही. तो बोळाच्या लांबीला लावून धरतो आणि वीस फुटी बांबू तीन फुटी बोळातून अलगद निघून जातो. अडचण येते ती वळणावर. तंतूही श्वासनलिकांच्या फाट्यांवर अडकतात, पण पुष्कळसे शेवटच्या घरापर्यंत पोचतात. आणि तिथून बांबू परत वळवून आणायला जागाच नसते! भक्षक पेशी असते पंधरा-वीस मायक्रॉनची. चाळीस मायक्रॉनचा तंतू तिच्या पोटात मावत नाही. ती एका टोकानं गिळायला लागते, अर्ध्यावर अडकते आणि तिची पाचक द्रव्यं भोवतीच्या पेशींवर सांडत राहतात, दिवसच्या दिवस, वर्षानुवर्षं. जगभरच्या प्रयोगशाळांनी ॲस्बेस्टॉसवर प्रयोग करताना पुढे जे प्रमाण नमुने वापरले, तेही तयार करण्यात टिम्ब्रेल यांचा हात होता. पण पाठ्यपुस्तकांत शोधायला जा, नाव सहसा सापडणार नाही.

मर्ल स्टँटन या अमेरिकी शास्त्रज्ञानं याच धाग्यावर पुढचं पाऊल टाकलं. उंदरांच्या फुप्फुसावरणाशी नाना प्रकारचे तंतू ठेवून त्यांनी 72 प्रयोग केले आणि 1981 मध्ये निष्कर्ष मांडला. 8 मायक्रॉनहून लांब आणि पाव मायक्रॉनहून बारीक असे तंतू सर्वात घातक, मग ते ॲस्बेस्टॉसचे असोत वा काचेचे. निसर्गानं हाच प्रयोग तुर्कस्तानात माणसांवर करून ठेवला होता. कप्पादोकियातल्या करैन आणि आसपासच्या खेड्यांत मेसोथेलिओमानं माणसं मरत होती, आणि गावात ॲस्बेस्टॉसचा पत्ता नव्हता. इझेत्तिन बारिश या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात छडा लावला. घरं ज्या ज्वालामुखीय दगडातून बांधली होती त्यात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज होतं.

तर मग सगळेच तंतू वाईट? तसंही नाही. राजस्थानात सिरोही जिल्ह्यातल्या बेल्का पहाडात वोलास्टोनाइट निघतं. रंगात आणि सिरॅमिकमध्ये ते वापरतात. सुईसारखं दिसतं, पण फुप्फुसात विरघळतं. तंतू लांब, बारीक आणि वर टिकाऊ असेल, तरच तो खरा धोका.

हाच मुद्दा पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे व्यापारी उचलून धरतात. पांढरा तंतू निळ्यापेक्षा लवकर नाहीसा होतो, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यावरून तो ‘नियंत्रित वापरात सुरक्षित’ ठरतो हा निष्कर्ष मात्र खरा नाही. अमेरिकेत चार्ल्सटनच्या गिरणीत जवळजवळ निव्वळ पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचं कापड विणत, आणि तिथल्या कामगारांत फुप्फुसाचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाला. जुना तंतू विरघळेपर्यंत रोज नवा आत येत असेल, तर विरघळण्याचं कौतुक काय कामाचं? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना, आणि कामाच्या ठिकाणी हवेतून छातीत जाणाऱ्या स्फटिकी सिलिकालाही, पहिल्या वर्गात टाकते. म्हणजे माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध. आपल्याकडे ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, आयात मात्र चालू आहे आणि त्यातला मोठा वाटा सिमेंटच्या पत्र्यांत जातो. डोक्यावर शाबूत असलेला पत्रा तंतू धरून ठेवतो. धोका असतो तो त्याला भोक पाडताना, करवतीनं कापताना आणि मोडून रस्त्याकडेला टाकताना.

दगडावरचा उपाय तर शंभर वर्षांहून जुना आहे. पोकळ पहारीतून पाणी सोडणारं छिद्रयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालं होतं. तरीही 1930-31 मध्ये त्याच अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्टचा बोगदा जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या खडकातून कोरडाच खणला, कारण कोरडं खणणं झटपट होतं. कामगार बहुतेक कृष्णवर्णीय होते. नंतरच्या एका अभ्यासात मृतांचा अंदाज 764 निघाला.

आता आपल्या इमारतीत या. सिंकचं भोक कापायचं असतं. मुलगा जिन्यात किंवा गच्चीवर लादी टेकवतो, नाकावर रुमाल बांधतो आणि कटर लावतो. मिस्त्री नेकीचा असेल तर पोरगं शेजारी उभं राहून बिसलेरीच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून पात्यावर धार धरतं. नसेल तर मजल्याचा मजला पांढरा होतो. रुमाल पाच मायक्रॉनला अडवत नाही. बाटलीची ती धार मात्र बऱ्यापैकी काम करते. कृत्रिम दगडात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकतं, ग्रॅनाइटमध्ये साधारण तिसरा हिस्सा, संगमरवरात अगदी थोडं. म्हणून ऑस्ट्रेलियाची बंदी तेवढ्यापुरती कांगावा नाही. पण कोरडा ग्रॅनाइटही निर्धोक नाही आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतीव कामाला चिकटलेली वाळू घासून काढतानाची धूळही नाही.

कायदा आहे. सिलिकोसिस कळवण्याजोगा रोग आहे; 2025 पर्यंत तो कारखाने अधिनियम 1948 आणि खाण अधिनियम 1952 खाली होता. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच बजावलं. हा रोग दशकांनी उगवतो हे न्यायालयानं ओळखलं होतं. पण जिन्यात दगड कापणारा मुलगा ना कारखान्याच्या हजेरीपटावर, ना खाणीच्या. त्याला दम लागला की क्ष-किरणात सावल्या दिसतात, टीबी समजून औषधं सुरू होतात. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून ओट्याचं कोटेशन घेताना ‘मापं घेऊन दुकानातच, पाण्यावर कापून आणणे’ ही ओळ त्यात लिहून घ्यावी. चार पैसे जास्त पडतील, पडू द्यावेत. आणि कापणाऱ्या पोराशी दोन शब्द बोलणं झालं तर त्याला एवढं सांगावं: कधी खोकला हटेना आणि दवाखान्यात जायची वेळ आली, तर डॉक्टर विचारोत न विचारोत, ‘मी दगड कापतो’ हे आधी सांग.