एका सिलिंडरची साक्ष

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत बायोडिझेलचा प्रयोग म्हटला की बहुधा एकच इंजिन पुढे येतं: किर्लोस्करचं टीव्ही-१. एक सिलिंडर, पाण्याने थंड होणारं, ६६१ सीसीचं, मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॅट देणारं. सांगलीची अपेक्स इनोव्हेशन्स त्याला डायनॅमोमीटर आणि सिलिंडरमधला दाब मोजणारा सेन्सर जोडून संशोधनाचा संच बनवते, आणि त्या संचावर प्रबंधांमागून प्रबंध निघतात.

टाकीत डिझेल आणि त्यात २० टक्के करंजाचं बायोडिझेल, म्हणजे बी-२०. भार पायरीपायरीने वाढवायचा, इंजिन स्थिरावलं की आकडे टिपायचे. काम कंटाळवाणं, इंधनही जळतंच. म्हणून भाकिताची हौस: भार, मिश्रण आणि कॉम्प्रेशन रेशो न्यूरल नेटवर्कला सांगायचे; कार्यक्षमता, खप आणि धूर त्याने सांगायचे.

थोडं भाकीत गणिताविनाही जमतं. बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी घटते. उष्मांक कमी, म्हणून खप वाढतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र मांडल्या. सोयाबीनच्या बी-२०ने धुरातले कण सुमारे १० टक्क्यांनी घटले, नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र २ टक्क्यांनी वाढली. खरी गोम या दोन टक्क्यांत आहे. बायोडिझेल डिझेलपेक्षा कमी दबतं. त्यामुळे जुन्या यांत्रिक पंपात दाबाची लाट नोझलपर्यंत लवकर पोचते, फवारा किंचित आधी उडतो, तापमान चढतं आणि ती ऑक्साइडं वाढतात. इंधन आधीच दाबाखाली ठेवणाऱ्या कॉमन रेल इंजिनांत हा प्रकार जवळपास नाहीच. मग टीव्ही-१वर शिकलेल्या नेटवर्कने कॉमन रेलवाल्या आजच्या पिकअपबद्दल बोलावं कशाला?

तरी शोधनिबंधांत भाकीत आणि मोजमाप यांच्यातल्या ०.९९ सहसंबंधाचा डौल असतोच. ४० आणि ६० टक्के भाराच्या नोंदी पाठ असलेल्या नेटवर्कने ५०चं उत्तर बरोबर दिलं, तर त्यात कसलं कौतुक! माझ्या मते एक अख्खं मिश्रण, जमल्यास एक अख्खं तेल, त्याच्यापासून लपवून ठेवावं आणि मग प्रश्न विचारावा. हवेतला ओलावाही नोंदवावा. दमट हवेत नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. डिझेल फेब्रुवारीत तपासलं आणि बी-२० जुलैत, तर नेटवर्क पावसाचं श्रेय बिनदिक्कत करंजाच्या खात्यावर जमा करतं.